डाव मांडून बोलू : बुद्धिबळपटूंच्या मुलाखतींच्या नोंदी

८ जून २०२५, पुणे

मुलाखतींची यादी आज पक्की केली. यादीत एकही ग्रँडमास्टर नाही, आणि हे ठरवून केलंय. विदित गुजराथी कुठे कुठे जिंकला, दिव्या देशमुख कधीपासून खेळते, हे कुणालाही पाच मिनिटांत सापडतं. पण महाराष्ट्रातलं बुद्धिबळ ज्यांच्या जिवावर उभं राहिलं ती माणसं बँकेतून, विम्याच्या कचेरीतून, शाळेतून निवृत्त होऊन घरी बसली आहेत. त्यांच्याकडे रेकॉर्डर घेऊन कुणी गेलेलं नाही. १९५५ साली एलुरूला पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा झाली, तिचं विजेतेपद रामचंद्र सप्रे आणि डी. वेंकय्या यांना विभागून मिळालं. आज क्लासला जाणाऱ्या किती मुलांनी सप्र्यांचं नाव ऐकलं असेल? पहिल्या विजेत्याची ही गत, तर त्याच्यामागे सातव्या-आठव्या क्रमांकावर राहिलेल्यांना कोण विचारणार?

कामाचे नियम असे: फक्त आवाज घ्यायचा, कॅमेरा नाही. लेखी उतारा बोलणाऱ्याने वाचल्याशिवाय पक्का करायचा नाही. नावं संग्रहात राहतील, या वहीत येणार नाहीत. मुलाखत त्यांच्याच घरी किंवा ते म्हणतील तिथे.

१९ जून, सांगली

गावभागातला जुना वाडा. आजोबांचं वय ऐंशीच्या पुढे, कान तल्लख. १९४१ सालापासून चाललेल्या नूतन बुद्धिबळ मंडळातले, भाऊसाहेब पडसलगीकरांच्या हाताखाली तयार झालेले. सांगलीला बुद्धिबळाची पंढरी म्हणतात ते उगाच नाही. महिलांच्या राष्ट्रीय विजेत्या भाग्यश्री साठे, म्हणजे पुढच्या ठिपसे, याच गावच्या.

पहिला अर्धा तास प्रश्नावलीप्रमाणे गेला. कुठल्या साली सुरुवात केली, कुठे कुठे खेळलात, आवडता खेळाडू कोण. उत्तरं दोन-दोन शब्दांची. मग आजोबांनीच सुनेला हाक मारली, "अगं, माझा पट दे बघू." पट मांडला आणि पुढचे दोन तास मला प्रश्न विचारायची गरज पडली नाही.

आधी त्यांनी आजोळी शिकलेला देशी डाव दाखवला. शह बसलेला नसेल तर राजाला डावात एकदा घोड्यासारखी उडी मारता यायची. प्यादं शेवटच्या घरात पोचलं की ज्या मोहऱ्याचं ते घर, तेच मोहरं व्हायचं; सरसकट वजीर नाही. मंडळात आल्यावर हे सगळं विसरून आंतरराष्ट्रीय नियम शिकावे लागले. "प्यादं सुरुवातीला दोन घरं चालवायला कितीतरी दिवस हातच होईना," म्हणाले.

मग पिवळी पडलेली स्कोअरशीट, म्हणजे डावाच्या चाली लिहिलेला कागद. पाच तास झाले की डाव तहकूब व्हायचा. ज्याची चाल असेल त्याने ती पटावर न करता कागदावर लिहायची, कागद लिफाफ्यात घालायचा, लिफाफा बंद करून पंचांच्या हवाली. सकाळी पंचांनी तो फोडायचा. लिहिलेल्या चालीचे दोन अर्थ निघत असतील तर डाव गेला. आजोबांनी त्या रात्री जुन्या पद्धतीने लिहिलं होतं: घोडा, वजिराच्या दोन नंबरच्या घरात. स्पर्धकांची झोपायची सोय शाळेच्या वर्गात. बाकं सरकवून सतरंजी अंथरली, डोळा लागत होता, आणि एकदम आठवलं की आपल्या दुसऱ्या घोड्यालाही ते घर लागू आहे. कुठला घोडा ते लिहिलेलंच नाही!

हे सांगताना त्यांनी दोन्ही घोडे पटावर मांडून दाखवले. बोट एकावरून दुसऱ्यावर. "पहाटे तीनला उठून बसलो. खिशातला छोटा पट काढला, बॅटरीच्या उजेडात डाव लावला. बघतो तर दुसऱ्या घोड्यावर उंटाचा डोळा, आणि मागे राजा. तो घोडा हलूच शकत नाही. म्हणजे चाल एकच! मग झोपलो." सकाळी डाव बरोबरीत सुटला. निकाल सांगताना त्यांना विशेष काही वाटलं नाही. ती पहाट मात्र त्यांच्यासाठी अजून शिळी झालेली नाही.

२४ जून

प्रश्नावली दुसऱ्या बैठकीला न्यायची. पहिल्या बैठकीसाठी फोनवर एवढंच सांगायचं की एखादी जुनी स्कोअरशीट शोधून ठेवा, जिंकलेल्या डावाचीच हवी असं नाही. बुद्धिबळपटूला आयुष्याबद्दल विचारलं की तो आक्रसतो. डावाबद्दल विचारलं की आयुष्य आपोआप मागून येतं: कुणाबरोबर प्रवास केला, कुणी पैसे दिले, घरी कोण आजारी होतं.

एक प्रश्न मात्र सगळ्यांना विचारायचा. शेवटची मोठी स्पर्धा कुठली खेळलात? पहिली स्पर्धा सगळे विचारतात. शेवटची कुणी विचारत नाही, कारण तेव्हा बहुतेकदा ती शेवटची आहे हे खेळाडूलाही ठाऊक नसतं.

११ जुलै, डोंबिवली

बाहेर धो धो पाऊस, आत निवृत्त बँक कर्मचारी आणि त्यांनी काळजीपूर्वक लॅमिनेट करून ठेवलेलं एक पान. फिडेच्या, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या, रेटिंग यादीचं. रेटिंग म्हणजे खेळाडूची ताकद सांगणारा आकडा. तेव्हा यादी वर्षातून दोनदा निघायची आणि २२०० च्या वर असाल तरच नाव यायचं. आज यादी १४०० पासून सुरू होते आणि दर महिन्याला निघते. शाळकरी मुलांनाही रेटिंग असतं. या काकांचं नाव एका यादीत आलं, त्या पानाची छायाप्रत मिळवायला त्यांना मुंबईत चार ठिकाणी फिरावं लागलं. देशात पहिला ग्रँडमास्टर झाला १९८८ साली, विश्वनाथन आनंद. दुसरा दिब्येंदू बारुआ १९९१ ला. प्रवीण ठिपसे तिसरे, १९९७. म्हणजे काकांच्या उमेदीच्या सगळ्या काळात ग्रँडमास्टर हा पदवीपेक्षा ऐकीव शब्द होता. खेळून पोट भरेल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. खेळून नोकरी मिळेल, हे स्वप्न होतं.

ते पुरं झालं. क्रीडा कोट्यातून बँकेत लागले, एकविसाव्या वर्षी. स्पर्धेसाठी खास रजा मिळायची. "साहेब लोक कौतुक करायचे. बाजूच्या टेबलवाल्यांना मात्र वाटायचं, हा मजा मारायला जातो. परत आलो की माझी थकलेली लेजरं माझ्यासाठीच ठेवलेली असायची."

त्यांनी पदोन्नती दोनदा नाकारली. पदोन्नती म्हणजे बदली, आणि बदलीच्या गावी ना क्लब, ना तोडीचा खेळाडू. पेन्शन त्यामुळे आजही कमी आहे, हे त्यांनी स्वतःहून सांगितलं, तक्रार म्हणून नव्हे. काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "ते पण लिहा." लिहिलं.

शेवटची मोठी स्पर्धा नॅशनल बी, म्हणजे नॅशनल ए या मुख्य राष्ट्रीय स्पर्धेची पात्रता फेरी. तेरा फेऱ्या, साडेआठ गुण. नॅशनल ए ची पात्रता अर्ध्या गुणाने हुकली. तो अर्धा गुण अकराव्या फेरीत गेला, असं त्यांचं ठाम मत. डाव मांडला. हत्ती आणि दोन प्यादी विरुद्ध हत्ती आणि एक प्यादं. दोन्ही बाजूंच्या चाली ते स्वतःच भराभर करत होते, शीटकडे बघतही नव्हते, आणि एका जागी थांबले. "इथे राजा पुढे आणायचा. मी शह दिला." तीस-पस्तीस वर्षं झाली. पुढच्या वर्षी शाखेत संगणक आले, प्रशिक्षण लागलं, रजा मिळाली नाही. त्याच्या पुढच्या वर्षी मुलगी झाली. "मी हरलो म्हणून सोडलं नाही हो. नुसतं राहून गेलं."

आता दर शनिवारी सोसायटीच्या हॉलमध्ये मुलांना फुकट शिकवतात. पहिला धडा ओपनिंगचा नसतो. डावाच्या शेवटी पटावर हत्ती उरले की कसं खेळायचं, याचा असतो.

२८ जुलै, पुणे

आजची मुलाखत पुढे ढकलू का, असं बाईंनी सकाळीच विचारलं होतं. नको म्हटलं, एकत्रच बघू. बातुमीला महिला विश्वचषकाचा अंतिम सामना, दिव्या देशमुख आणि कोनेरू हंपी. नागपूरची एकोणीस वर्षांची मुलगी आणि अडतीस वर्षांची हंपी. दोन्ही मोठे डाव बरोबरीत सुटलेले, आज जलद डाव. पहिला बरोबरीत. दुसऱ्यात दिव्या काळ्या मोहऱ्यांनी खेळत होती. वेळ संपत आली तशा हंपीच्या हातून चुका झाल्या, आणि बाई टीव्हीकडे न बघता टेबलावरच्या पटावर चाली करून बघायला लागल्या. दिव्या जिंकली तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत, डोळे पुसले आणि चहा टाकायला गेल्या. स्पर्धेला निघताना दिव्याकडे ग्रँडमास्टरचा एकही नॉर्म, म्हणजे पदवीसाठी लागणारी ठरावीक दर्जाची कामगिरी, नव्हता. विश्वचषकच जिंकल्याने पदवी थेट मिळाली. भारताची ८८वी ग्रँडमास्टर, महिलांत चौथी.

बाई आज चाळिशीत आहेत, हिंजवडीत नोकरी. शाळेत असताना राज्याच्या संघात होत्या. रेकॉर्डर चालू केल्यावर पहिलं बोलल्या ते खाडिलकर भगिनींबद्दल. महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९७४ ची, ती वासंतीने जिंकली. पुढची जवळपास दहा वर्षं विजेतेपद त्या तिघी बहिणींच्या घरातच राहिलं. रोहिणी १९७६ साली पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली तेव्हा एवढा गदारोळ झाला की प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, आणि महिला खेळाडूला अशा स्पर्धेत खेळायला अडवता येणार नाही, असा निर्वाळा जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांना द्यावा लागला. तेरा वर्षांची पोर होती ती. पुढे १९८१ ला आशियाई विजेती झाली, आणि त्याही पुढे ‘संध्याकाळ’ची संपादक.

"हे सगळं मला वडिलांनी गाडीत सांगितलं," बाई म्हणाल्या. गाडी म्हणजे रेल्वे, आणि बऱ्याचदा आरक्षणाशिवाय. वडील दाराशी वर्तमानपत्र टाकून बसायचे, ही मांडीवर डोकं ठेवून झोपायची. सकाळी उतरून थेट पहिली फेरी.

त्यांच्याकडे घरभर करंडक आहेत, पण बरेचसे माळ्यावर. कारण विचारलं. खुल्या स्पर्धेत तेविसावा क्रमांक आला तरी ‘उत्कृष्ट मुलगी’ म्हणून करंडक मिळायचा, आणि स्टेजवर टाळ्या जास्त पडायच्या. ज्या स्पर्धेत त्या सातव्या आल्या, दोन रेटिंगवाल्यांना हरवून, तिथेही हातात तोच करंडक. "सातवा क्रमांक कुणी पुकारलाच नाही. ते बक्षीस सहापर्यंतच होतं." शेवटची मोठी स्पर्धा बारावीच्या आधीची. बारावीनंतर परत सुरू करायचं, असं घरात सगळ्यांचं ठरलं होतं.

सौम्या स्वामिनाथन २००९ साली मुलींची ज्युनिअर विश्वविजेती झाली तेव्हा बाई कंपनीत नव्या होत्या. ती बातमी त्यांनी कापून डेस्कवर लावली होती. शेजारच्यांना वाटलं, नात्यातली असेल.

१६ ऑगस्ट

उतारे काढायचं काम चालू. एका तासाच्या बोलण्याला पाच-सहा तास लागतात. डाव सांगताना माणसं वाक्य अर्ध्यावर सोडून बोटाने दाखवतात, मग ध्वनिफितीत नुसतं "हा इथे, मग हा इथे, संपलं" एवढंच उरतं. म्हणून प्रत्येक उताऱ्याला तो डाव जोडायचा आणि कुठल्या वाक्याला पटावर काय होतं ते समासात लिहायचं. वेळ जाईल. इलाज नाही.

६ सप्टेंबर, ठाणे

गणपतीचं विसर्जन आज, रस्ते बंद, तरी गेलो. हे खेळाडू जन्मापासून दृष्टिहीन. आधी एका कार्यालयात टेलिफोन ऑपरेटर, नंतर बँकेत. अंध खेळाडूंची अखिल भारतीय संघटना उभी करणाऱ्या चारुदत्त जाधवांचं नाव त्यांच्या बोलण्यात पुन्हा पुन्हा येत होतं.

त्यांचा पट हातात घेऊन बघितला. प्रत्येक घराला मध्ये भोक, प्रत्येक मोहऱ्याला खाली खुंटी. काळी घरं पांढऱ्यांपेक्षा किंचित उंच. काळ्या मोहऱ्यांच्या डोक्यावर बारीक टोक. सामन्यात दोघांचे पट वेगवेगळे असू शकतात, चाल मोठ्याने पुकारायची. पटावरच्या उभ्या पट्ट्यांना अक्षरांऐवजी नावं आहेत, ॲना, बेला, सीझर, डेव्हिड, एव्हा, फेलिक्स, गुस्ताव, हेक्टर, कारण नुसती बी, सी, डी ऐकायला सारखीच लागतात. हात लावला की चाल करावीच लागते, हा नियम त्यांना तसाच कसा लागू होणार? त्यांची नजरच बोटांत आहे. म्हणून मोहरं भोकातून उपसलं, की मगच ‘हात लावला’ धरतात.

डाव मांडून बोलायची माझी पद्धत इथे त्यांच्या पटावर चालली. बोलताना त्यांची दोन्ही हातांची बोटं सतत फिरत होती, डाव्या हाताची आपल्या राजाभोवती आणि उजव्याची समोरच्याच्या. डोळस खेळाडूंशी खेळताना काय वाटतं, असं विचारल्यावर म्हणाले, "पहिल्या पाच चालींत समोरचा माझी दया करतो. तेवढ्यात मी एक प्यादं मारून ठेवतो."

त्यांचा अभ्यास सुरुवातीला बहिणीच्या आवाजावर झाला. ती पुस्तकातले डाव वाचून कॅसेटवर भरायची, तिला खेळ येत नव्हता. कॅसेट एकदा ऐकवली त्यांनी. मुलीचा सपाट, शाळेत धडा वाचावा तसा आवाज, मध्येच कुकरची शिट्टी, आणि एका ठिकाणी "थांब, पान चिकटलंय." ती कॅसेट संग्रहासाठी डिजिटल करायला मागितली आहे. बहिणीचीही मुलाखत घ्यायची.

शेवटची मोठी स्पर्धा? "पुढच्या महिन्यात आहे. ती शेवटची नाही."

१२ ऑक्टोबर, नाशिक

आज खेळाडू नाही, खेळाडूची आई. पूर्ण वेळ शिक्षिका होत्या, लेकीबरोबर फिरायला लागल्यावर नोकरी सोडली. ग्रँडमास्टर व्हायला २५०० रेटिंग आणि तीन नॉर्म लागतात, आणि एकेक नॉर्म म्हणजे साधारण नऊ फेऱ्या २६०० च्या तोडीचं खेळणं. तशी स्पर्धा, तसे प्रतिस्पर्धी गाठायला सर्बिया, हंगेरी, स्पेन. लेक अजून त्या पायरीच्या बरीच खाली आहे, पण खर्च वरच्या पायरीचा आधीच सुरू झालाय.

त्यांची हिशेबाची वही बघितली. रकाने नीट आखलेले: प्रवेश फी, प्रवास, राहणं, प्रशिक्षकाची तासाची फी, व्हिसा. बक्षिसाचा रकाना सगळ्यात उजवीकडे, बहुतेक ओळींत कोरा. एकूण आकडा सांगताना त्यांनी हाताने खूण केली, मी रेकॉर्डर बंद केला. आकडा इथेही लिहीत नाही. एवढं म्हणतो की दोन डॉक्टर पालकांच्या घरातून ग्रँडमास्टर येतात आणि रिक्षावाल्याच्या घरातून क्वचित, याचं कारण डोक्यात नसून या वहीत आहे. त्यांच्याच ओळखीत एक मुलगा आहे, त्यांच्या मते त्यांच्या लेकीपेक्षा सरस. तो दहावीनंतर वडिलांच्या दुकानात बसतो. त्याचं नाव त्यांनी मला दिलं. तोही यादीत घेतला.

१८ नोव्हेंबर, म्हापसा

जवळच हडफड्याला बुद्धिबळाचा खुला विश्वचषक चाललाय. जगभरचे २०६ खेळाडू आले होते, करंडकाला आनंदचं नाव. ते बघायला लोटलेल्या गर्दीत माझे हे गृहस्थ भेटले, जुने पंच, मराठी आणि कोकणी एकाच वाक्यात बोलणारे. इव्हाना फुर्तादो आठ वर्षांखालची विश्वविजेती झाली, अनुराग म्हामल २०१७ साली गोव्याचा पहिला ग्रँडमास्टर झाला, हा सगळा काळ त्यांनी हॉलमध्ये उभं राहून पाहिला.

ते स्वतः चांगले खेळायचे. एका तालुका स्पर्धेत पेअरिंग करायला, म्हणजे कुठल्या फेरीत कोण कुणाशी खेळणार ते ठरवायला, माणूस नव्हता, आयोजक म्हणाले, तुझं अक्षर चांगलं आहे, तू बस. बसले ते बसलेच. तीच त्यांची शेवटची स्पर्धा, आणि तीही पुरी झाली नाही.

स्विस पद्धतीत कुणी बाद होत नाही, दर फेरीला सारख्या गुणांचे खेळाडू समोरासमोर येतात. संगणक यायच्या आधी ही पेअरिंग कार्डांवर व्हायची. एका बुटाच्या खोक्यातून त्यांनी जुनी कार्डं काढली. दर खेळाडूचं एक कार्ड: नाव, रेटिंग, कुणाकुणाशी खेळला, पांढरे की काळे, गुण. फेरी संपली की रात्री सगळी कार्डं टेबलावर गुणांप्रमाणे गटात लावायची. गटाचा वरचा अर्धा भाग खालच्या अर्ध्याशी जुळवायचा. आधी खेळलेले पुन्हा समोर येता कामा नयेत, रंग शक्यतो आलटून-पालटून. शेवटच्या गटात जोडी जमली नाही तर वरपर्यंत सगळं उसवायचं. त्यांनी मला सोळा कार्डं देऊन तिसरी फेरी लावायला सांगितली. मी पाचव्या जोडीला अडकलो. त्यांनी दोन कार्डं उचलून जागा बदलल्या आणि सगळं सुटलं. "दोनशे मुलं असली की पहाट व्हायची. सकाळी तक्ता लावला की पालक भांडायला तयार. पण कार्ड दाखवलं की गप्प."

कार्डांवर मागच्या बाजूला पेन्सिलीने बारीक नोंदी आहेत. ‘ताप आहे, पंख्याखाली बसवणे.’ ‘वडील वारले, परत गेला.’ ‘फी बाकी, मागू नये.’ खोकं त्यांनी मला नेऊ दिलं नाही, तिथेच बसून फोटो काढले. संध्याकाळपर्यंत निम्मीही कार्डं झाली नाहीत. पुन्हा जावं लागेल, आणि लवकर, कारण खोक्याला वाळवी लागायला सुरुवात झाली आहे. पुढच्या खेपेला प्लॅस्टिकचे डबे घेऊन जायचे.

१४ डिसेंबर, पुणे

बहुतेक उतारे वाचून परत आले. सांगलीच्या आजोबांनी तहकूब डावाच्या दोन चाली दुरुस्त केल्या. डोंबिवलीच्या काकांनी पेन्शनचा उल्लेख काढायला सांगितला, काकूंनी फोन करून परत घालायला सांगितला. दोघांचं एकमत होईपर्यंत तो परिच्छेद बाजूला ठेवलाय. पुण्याच्या बाईंनी काही काढलं नाही, शेवटी स्वतःच्या अक्षरात एक ओळ वाढवली: त्या स्पर्धेत मी सातवी आले होते. सोबत स्पर्धेचं नाव, साल आणि कुठल्या फेरीत काय झालं याचा तक्ता. संग्रहात त्यांच्या नावापुढे आता तो क्रमांक आहे.

जानेवारीत सोलापूर आणि अमरावती. ठाण्याला बहिणीची मुलाखत त्याआधी, कॅसेट तोवर साफ होऊन येईल. नाशिकच्या दुकानातल्या मुलाने रविवारी दुपारी या म्हटलंय, गिऱ्हाईक कमी असतं. स्कोअरशीट आहे का विचारलं, तर म्हणाला, सगळ्या आहेत.